ठाण्या-डोंबिवलीच्या नळाला मानवणारे सिक्लिड

सिक्लिड घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी स्वभाव विचारतो: हा मासा मारका आहे का? या कुळातला जवळजवळ प्रत्येक मासा अंड्यांवर आला की मारका होतो, कारण अंड्यांची आणि पिलांची राखण हा कुळाचाच गुण आहे. तेव्हा एका टाकीत कोणाची सोबत जमेल हे ठरवताना आधी पाणी पाहावे, मग आहार, मग हद्द, स्वभाव शेवटी.

इथल्या नळाला येणारे भातसा, बारवी, उल्हास यांचे पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून आलेले पावसाचे पाणी. त्यात क्षार कमी. ज्या सोसायटीच्या टाकीत बोअरवेल किंवा टँकरचे पाणी मिसळते तिथे ते जड होते, म्हणून शेजारच्या इमारतीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही. पीएच आणि जडपणा आपल्याच नळाचा मोजावा. निव्वळ नळाचे पाणी ॲमेझॉन खोऱ्यातल्या एंजलला फारशी खटपट न करता मानवते. डिस्कसलाही पाणी चालेल, पण त्याला २८ ते ३० अंश तापमान आणि वरचेवर पाणीबदल लागतो. पाणीकपातीच्या दिवसांत हे व्रत जड जाते. मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, टांगानिकाचा ९ च्या आसपास. तिथले मासे ठेवायचे तर फिल्टरमध्ये कोरलचा चुरा हवा. एंजल आणि मलावी एका टाकीत ठेवले की पाणी कोणाच्या सोयीचे करायचे हा प्रश्न सुटत नाही.

आहारात घोटाळा अधिक होतो. मलावीच्या म्बुना माशांपैकी बहुतेक खडकावरचे शेवाळ खरवडून जगतात. त्यांना ऑस्करबरोबर मांसाहारी खाद्य घातले की पोट फुगून मरतात, आणि मालक दोष पाण्याला देतो.

हद्दीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. एंजल तळापासून पानापर्यंत उभी जागा वापरतो. त्याची जोडी ॲमेझॉन स्वोर्डचे एखादे रुंद पान तोंडाने घासून साफ करू लागली की अंडी जवळ आली असे समजावे. त्यानंतर बाकीच्यांना दुसऱ्या कोपऱ्यात दाटीवाटीने दिवस काढावे लागतात. म्बुनाचा हिशोब उलटा आहे. मोकळ्या टाकीत दोन नर एकमेकांना संपवतात. थोडी गर्दी, भरपूर दगड आणि एका नरामागे तीन-चार माद्या असल्या की मार एकावर न पडता वाटला जातो. एकाच रंगाच्या दोन जाती मात्र टाळाव्यात, कारण नर रंग पाहून शत्रू ओळखतो. पिवळा लॅबिडोक्रोमिस त्यातला सोसणारा, म्हणून सुरुवातीला बरा. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. वास्तूसाठी घेतला असला तरी.

दुकानातला दोन इंची ऑस्कर फूटभर होतो, हे विकणारा क्वचितच सांगतो. त्याच्या जोडीला निदान चार फुटी टाकी लागते. ४८ × १८ × १८ इंचांच्या टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. काच, वाळू, स्टँड धरून वजन ३०० किलोच्या पुढे जाते आणि ते जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर येते. घरांच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार धरून केलेला असतो. स्लॅब टाकीचे वजन आजूबाजूला पसरवतो म्हणून लगेच धोका नसतो, तरी जुन्या इमारतीत अशी टाकी बीमलगतच्या भिंतीशीच ठेवावी. वन बीएचकेत तेवढी भिंत नसेल तर ऑस्करचा विचार तिथेच सोडावा. दोन फुटी टाकीत, म्हणजे ७० लिटरच्या आसपास, रॅम या छोट्या सिक्लिडची एक जोडी पुरे.

राहिला स्वभाव. त्यासाठी भारतातलेच सिक्लिड पाहावेत. गोव्याच्या खाडीतला कालुंदर आणि त्याचा छोटा नातलग ऑरेंज क्रोमाइड दक्षिणेत एकाच मचूळ पाण्यात राहतात. क्रोमाइडची पिले कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात आणि कालुंदर त्यांना जवळ येऊ देतो. तोच क्रोमाइड संधी मिळाली की कालुंदराची अंडीही खातो.