स्टुडेबेकर कारखान्याचा शेवट व एक करारपत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड येथील स्टुडेबेकर मोटारींचा कारखाना कंपनीचें दिवाळें निघाल्यामुळें १९६३ सालीं बंद पडला, असा एक समज आढळतो. दोन निरनिराळ्या प्रसंगांची गल्लत होऊन तो उत्पन्न झाला असावा. त्याचें निरसन करणें अवश्य आहे. कारण त्यायोगें कामगारांच्या नुकसानीचें खरें कारण झांकलें जातें.

या घराण्याची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. हेन्री व क्लेमंट या बंधूंनीं १८५२ सालीं साउथ बेंड येथें लोहारकामाचें व गाड्या बांधण्याचें दुकान घातलें. त्यांचा भाऊ जॉन सोन्याच्या आशेनें कॅलिफोर्नियास गेला. पण तेथें खाणवाल्यांस एकचाकी हातगाड्या करून देण्यांतच त्याचा जम बसला, व १८५८ सालीं तो ८,००० डॉलर घेऊन परतला. यादवी युद्धांत कंपनीनें सरकारी फौजेस गाड्या पुरविल्या. १९०२ सालीं विजेची व १९०४ सालीं पेट्रोलची मोटार निघाली.

कंपनी बुडाली ती १९३३ सालीं. त्या वर्षीं ती न्यायालयानें नेमलेल्या रिसीव्हरांच्या ताब्यांत गेली व अध्यक्ष अर्स्किन यांनीं आत्महत्या केली. पुढें हॉफमन व व्हान्स यांनीं ती सांवरली. १९५४ सालीं ती व पॅकार्ड कंपनी एकत्र झाल्या. ९ डिसेंबर १९६३ रोजीं साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याचें जाहीर झालें. कॅनडांतील हॅमिल्टन येथें मात्र मोटारी १९६६ च्या मार्चपर्यंत निघत होत्या. इतर धंद्यांवर कंपनी तगून राहिली व १९६७ सालीं वर्दिंग्टन कंपनीशीं जोडली गेली. याला दिवाळें म्हणतां येत नाहीं.

मग कामगार बुडाले कसे? उत्तर १९५० च्या पेन्शनच्या करारांत आहे. कामगारसंघाशीं झालेल्या या करारान्वये पूर्वीच्या नोकरीचा बोजा ३० वर्षांत थोडथोडा फेडावयाचा होता, आणि कंपनीची जबाबदारी फंडांत असेल तेवढ्या रकमेपुरतीच होती. १९६४ सालीं फंड मोडला तेव्हां पेन्शनर व साठी गांठलेले मिळून सुमारें ३,६०० जणांस पूर्ण हक्क मिळाला. चाळिशी ओलांडलेल्या व दहा वर्षें नोकरी झालेल्या सुमारें ४,००० कामगारांच्या हातीं रुपयास अडीच आण्यांहूनहि कमी, म्हणजे शेंकडा १५, आले; त्यांचें सरासरी वय ५२ व नोकरी २३ वर्षें होती. उरलेल्या सुमारें २,९०० लोकांस कांहींच मिळालें नाहीं. संघाच्या पुढाऱ्यांस हा धोका ठाऊक नव्हता असें नव्हे. पेन्शनच्या विम्याची कल्पना त्यांनीं अगोदरच मांडली होती. ती कायद्यांत उतरावयास २ सप्टेंबर १९७४ उजाडला.

कंपनीचें दप्तर व जुन्या गाड्यांचा संग्रह साउथ बेंड येथेंच जतन झाला आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं लिंकन ज्या गाडींतून नाट्यगृहास गेले ती गाडी क्लेमंटनें विकत घेऊन ठेविली होती; तीहि त्या संग्रहांत आहे.