भाड्याची दुचाकी आणि नगराचा कायदा

वाहन रस्त्यावरून धावते तेव्हा त्याला कायदा हवा, ही गोष्ट कोणीही मान्य करील. परंतु वाहन नुसते उभे असते तेव्हाही कायद्याची तितकीच गरज असते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. भाड्याच्या सायकलींचा आणि अलीकडच्या विजेच्या स्कूटरींचा इतिहास आम्ही चाळू लागलो, तेव्हा हीच गोष्ट आम्हाला पुन:पुन्हा आढळली. ह्या वाहनांपायी ज्या ज्या शहरांत तंटा झाला, तिथे तो बहुधा धावत्या गाडीवरून पेटला नाही. वापरून झालेली गाडी कोणी, कोठे व कोणाच्या जबाबदारीवर ठेवायची, ह्या प्रश्नावरून तो पेटला. आज यवतमाळसारख्या नगराला हा प्रश्न दूरचा वाटेल. तो दूरचा का नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सायकल भाड्याने देण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. ज्याला सायकल विकत घेणे परवडत नसे, तो ती तासावर घेई. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत किंवा बसस्थानकाजवळ सायकलचे दुकान असे आणि दारात दहा-वीस सायकली ओळीने उभ्या असत. जिनात कामाला जाणारा मजूर, कचेरीच्या कामासाठी खेड्यातून आलेला शेतकरी, परीक्षेला आलेला विद्यार्थी ही सारी त्या दुकानाची गिऱ्हाइके. व्यवहार एका वहीवर चाले. नाव, गाव, सायकलचा नंबर आणि नेल्याची वेळ एवढे त्या वहीत लिहिले की झाले. माणूस अनोळखी असला तर दुकानदार विचारी, 'कोणाकडे उतरलात?' ह्या एका प्रश्नात जामीन, पत्ता आणि चारित्र्याचा दाखला ही तिन्ही येऊन जात. ट्यूब पंक्चर झाली, चाक वाकले, दिवा फुटला, तर त्याचा हिशोब सायकल परत करताना समोरासमोर होई. आणि मुख्य म्हणजे सायकल जिथून उचलली तिथेच परत आणून ठेवावी लागे. तेव्हा भाड्याच्या सायकलीने रस्ता अडवला, अशी तक्रार सहसा कोणाला करावी लागली नाही.

ह्या काळात सरकारचा हात फार हलका होता, पण तो अगदीच नव्हता असे नाही. मोटारींसाठी आपल्या देशात १९१४ साली कायदा झाला, पुढे १९३९ साली व त्यानंतर १९८८ साली नवे कायदे आले. ह्या कायद्यांनी पायाने चालवायच्या सायकलीला हात लावला नाही. ती राहिली पोलिसांच्या आणि नगरपालिकेच्या अखत्यारीत. अंधार पडल्यावर दिवा हवा, मागे दुसऱ्याला बसवायचे नाही, एवढे पोलीस पाहत. आणि दिवा नसलेल्या सायकलीच्या चाकातली हवा जागच्या जागी सोडून देण्याची शिक्षा जुन्या माणसांना आठवत असेल. नगरपालिकेचे साधन निराळे होते. मोटारगाड्या वगळून इतर वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार पालिकांना होता. त्या अधिकारात महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत.

ह्या बिल्ल्याची पुष्कळ थट्टा झाली. चार-दोन रुपयांच्या करासाठी कारकून नाक्यावर उभा करावा, शाळकरी पोराला अडवावे, हा उद्योग हास्यास्पद होताच. पुढे बहुतेक ठिकाणी हा कर बंद पडला, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता बिल्ल्याने एक काम मूकपणे केले होते. गावात सायकली किती, त्यांतल्या भाड्याच्या किती आणि त्या कोणाच्या, ही मोजदाद पालिकेच्या दप्तरात त्याच्यामुळे राही. कर गेला त्याबरोबर मोजदादही गेली. एक हिशोब दुकानदाराच्या वहीत होता, दुसरा पालिकेच्या दप्तरात. ही दोन्ही पुस्तके मिटल्यानंतर जे घडले, ते आता पाहावयाचे आहे.

दुकानदाराला वगळून सायकल सर्वांची करावी, ही कल्पना प्रथम हॉलंडमध्ये निघाली. १९६५ साली अ‍ॅमस्टरडॅम शहरात प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगाने रंगवून रस्त्यावर सोडल्या. कुलूप नाही, भाडे नाही. ज्याला हवी त्याने न्यावी आणि काम झाले की ठेवून द्यावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण सायकल बिनकुलपाची सोडणे तिथल्या नियमांत बसत नव्हते. कल्पना उदार होती, पण नियमाला तिच्यासाठी जागा नव्हती. नंतरच्या प्रयोगांनी ही चूक दुरुस्त केली. १९९५ साली कोपनहेगनमध्ये नाणे टाकून सायकल सोडवण्याची सोय झाली, आणि २००७ साली पॅरिसने हजारो सायकलींची जी योजना सुरू केली, तिच्यात प्रत्येक सायकलीला ठरलेल्या ठाण्यावरच्या खुंट्याला नेऊन अडकवावे लागे. गिऱ्हाइकाला ओळखण्याचे काम यंत्राने केले, पण सायकल जागेवर परत आणण्याची जुनी अट त्या यंत्रानेही सोडली नाही.

आपल्या देशात २०१७ च्या जूनमध्ये म्हैसूर आणि भोपाळ ह्या शहरांनी अशाच ठाण्यांच्या योजना सुरू केल्या. परंतु त्याच सुमारास चीनमधून दुसरी पद्धत आली. तिच्यात ठाणे नाही, खुंटा नाही. मोबाइलवर खूण टिपायची, कुलूप उघडायचे, जायचे आणि पोहोचल्या जागी सायकल सोडून द्यायची. गिऱ्हाइकाला ह्याहून सोयीचे काय असणार? २०१७ च्या डिसेंबरात पुणे महानगरपालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधच्या भागात 'पेडल' ह्या नावाच्या भाड्याच्या सायकली आल्या. पुढच्या वर्षी 'ओफो', 'मोबाइक' आणि 'युलू' ह्या कंपन्याही उतरल्या. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याला आपले वैभव परत आल्यासारखे वाटले.

परंतु हा उत्साह फार टिकला नाही. सायकली पदपथावर आडव्या पडू लागल्या, कोणी त्या आपल्या सोसायटीच्या आवारात नेऊन ठेवल्या, कोणी सुटे भाग काढून नेले. 'ओफो'ने २०१८ सालीच हिंदुस्थानातला गाशा गुंडाळला, आणि दोन-तीन वर्षांत ह्या सायकली पुण्याच्या रस्त्यांवरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. चीनमध्ये तर ह्याहून वाईट झाले. त्याच कंपनीकडे भरलेली अनामत परत मिळावी म्हणून २०१८ च्या डिसेंबरात एक कोटीहून अधिक लोकांनी मागणी नोंदवली होती.

ह्यावरून आपले लोक शिस्तीचे नाहीत, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. आम्हाला तो पटत नाही. हेच लोक, किंवा ह्यांचेच वडील, दुकानातून नेलेली सायकल पन्नास वर्षे वेळेवर परत करीत होते. माणूस बदलला नव्हता, समोरचा दुकानदार नाहीसा झाला होता. ज्या वस्तूच्या पाठीमागे तोंडओळखीचा धनी उभा नाही, तिची निगा राखायची तर धन्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी नेमून द्यावे लागते. पुण्यात ते पुरतेपणी नेमले गेले नाही. कंपनी दूरच्या शहरात, तिचे गिऱ्हाईक मोबाइलमध्ये आणि पडलेली सायकल आपल्या दारात, असा तो मामला होता. भाडे कंपनीला मिळाले. रस्ता मोकळा करण्याचा खर्च मात्र गावाच्या अंगावर पडला.

सायकलींच्या पाठोपाठ विजेच्या स्कूटरी आल्या. उभे राहून चालवायच्या अशा स्कूटरी २०१८ च्या वसंतात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर कंपन्यांनी परवानगी न घेताच आणून ठेवल्या. शहराने त्या जूनमध्ये हटवायला लावल्या आणि ऑक्टोबरात दोनच कंपन्यांना, प्रत्येकी ६२५ स्कूटरींच्या मर्यादेने, परवाना दिला. पॅरिसने आधी तीन कंपन्या आणि १५ हजार स्कूटरी अशी हद्द घातली, उभ्या करण्याच्या जागा आखून दिल्या, आणि तरीही नागरिकांची कुरकुर थांबेना तेव्हा २ एप्रिल २०२३ रोजी मतदान घेतले. मत द्यायला शंभरातले सात-आठच मतदार आले, पण आलेल्यांपैकी ८९ टक्क्यांनी भाड्याच्या स्कूटरी नकोत असा कौल दिला. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर त्या रस्त्यांवरून गेल्या. एका शहराने संख्या बांधून वाहन राखले, दुसऱ्याने ते हद्दपार केले. ह्यांतले शहाणपण कोणाचे, ह्यावर वाद होईल. परंतु रस्ता नगराचा आहे आणि त्याच्यावर धंदा करणाऱ्याने नगराची अट मानली पाहिजे, हे तत्त्व दोघांनीही प्रस्थापित केले.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या केंद्रीय नियमांप्रमाणे जिच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, अशी विजेची दुचाकी कायद्याच्या लेखी मोटारवाहनच नव्हे. तिला नोंदणी नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही. एमएच २९ ही पाटी यवतमाळची म्हणून आपण ओळखतो, पण ह्या गाडीवर ती पाटीच नसते. म्हणून परिवहन कार्यालयाचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मोठ्या शहरांतून घरोघर माल पोहोचवणारी मुले अशा गाड्या भाड्याने घेऊन राबताना दिसतात. ह्याच्या उलट नोंदणीची मोटारसायकल भाड्याने द्यावयाची तर १९९७ ची केंद्रीय योजना आहे व तिचा रीतसर परवाना घ्यावा लागतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या दुचाकी दिसतात, त्या ह्या व्यवस्थेतल्या. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १ एप्रिल २०२५ रोजी एक लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी विजेच्या बाइक-टॅक्सीचे धोरण मंजूर केले, तेही परिवहन खात्याच्या देखरेखीखालचे आहे. यवतमाळ नगराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच लाखापलीकडे गेली होती, तेव्हा ह्या धोरणाच्या कक्षेत आपले गावही येते.

येथे खरी मेख आहे. जोरकस वाहनावर सरकारचे लक्ष आहे. मंद वाहन मात्र कायद्याच्या दृष्टीने सायकलीच्या पंगतीला बसले आहे, आणि सायकलीचा बिल्ला तर आपण केव्हाच मोडीत काढला. ह्या मंद गाडीची संख्या ठरवू शकेल, तिला जागा नेमून देऊ शकेल, अशी संस्था मुख्यतः एकच उरते, ती म्हणजे नगरपरिषद. यवतमाळचे नगरप्रशासन वऱ्हाड मध्यप्रांतात असताना १९२२ च्या कायद्याने चाले. आता ते १९६५ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने चालते. रस्त्यातला अडथळा दूर करण्याचे काम पूर्वीही नगराकडे होते, आजही आहे. ते वेळीच वापरले नाही तर पुण्याचा प्रयोग लहान प्रमाणात आपल्या दत्त चौकात होईल.

आणि ह्या वाहनांची आपल्याला गरज नाही असेही नाही. हद्दवाढीने लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही गावे नगरात आली. बसस्थानकावर उतरलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालय गाठायचे, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलीला वेळ साधायची, तर ऑटोरिक्षाचे भाडे रोज परवडत नाही. स्वस्त भाड्याची गाडी त्यांच्या उपयोगाची आहे. पण त्याच रस्त्याने शासकीय रुग्णालयाकडे चालत निघालेल्या म्हातारीचा हक्कही लहान नाही. पदपथावर आडव्या पडलेल्या दोन गाड्या ओलांडता न आल्यामुळे ती भर वाहतुकीत उतरली, तर त्या स्वस्त भाड्याची किंमत तिने चुकवली असे होईल.

म्हणून कंपनी दारात येण्यापूर्वीच नगरपरिषदेने आपल्या अटी लिहून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. त्या फार नाहीत. गाड्या किती आणाव्यात ह्याची संख्या ठरवावी व प्रत्येकीवर दुरून वाचता येईल असा नंबर असावा. हा जुना बिल्लाच होय, फक्त कराशिवायचा. गाडी ठरलेल्या जागीच ठेवल्याखेरीज भाडे थांबू नये. आडवी पडलेली गाडी ठराविक तासांत न उचलल्यास तिचा दंड कंपनीने द्यावा, आणि त्यासाठी अनामत नगरपरिषदेकडे आधी भरावी. अल्पवयीन मुलाच्या हाती ती पडणार नाही, ह्याची हमी कंपनीने लेखी द्यावी.

पाचवी अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुरुस्तीचे आणि देण्याघेण्याचे काम गावातल्याच सायकल-दुकानदारांकडे सोपवावे. पंक्चरचे सामान घेऊन रस्त्याकडेला बसलेला कारागीर यवतमाळात आहे, वणीत आहे, पुसदला आणि दारव्ह्यालाही आहे. ज्याच्याकडे महागडा मोबाइल नाही अशा माणसालाही त्याच्या दुकानातून गाडी मिळेल. शिवाय यंत्राला जे अजून साधलेले नाही ते त्याला येते. गाडी नेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून 'कोणाकडे उतरलात?' असे तो विचारू शकतो. नव्या वाहनामागे जुना धनी उभा करणे अवघड नाही. त्यासाठी नगरपरिषदेला एक ठराव करावा लागेल, आणि तो ठराव करून घेण्यासाठी नागरिकांना सभागृहापर्यंत जावे लागेल.