महिला हॉकी चॅम्पियन्स ट्रॉफी

महिला हॉकी चॅम्पियन्स ट्रॉफी : आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने १९८७ ते २०१८ या काळात भरवलेली, निवडक निमंत्रित राष्ट्रीय संघांची मैदानी हॉकी स्पर्धा. एकूण २३ वेळा ती खेळली गेली. पहिली स्पर्धा नेदरलँड्समधील आम्स्टेल्व्हेनला झाली आणि शेवटची चीनमधील चांगचौला. दोन्ही वेळा नेदरलँड्सच जिंकले. नेदरलँड्स आणि अर्जेंटिना यांच्या नावावर प्रत्येकी सात विजेतेपदे आहेत, ऑस्ट्रेलियाच्या नावावर सहा. दक्षिण कोरिया (१९८९), चीन (२००२) आणि जर्मनी (२००६) यांना ती एकेकदा जिंकता आली.

पुरुषांची चॅम्पियन्स ट्रॉफी पाकिस्तानचे एअर मार्शल नूर खान यांच्या कल्पनेतून १९७८ साली लाहोरला सुरू झाली होती. महिलांना तशी स्पर्धा मिळायला आणखी नऊ वर्षे गेली. १९९९ पर्यंत ती दर दोन वर्षांनी होई. २००० ते २०१२ या तेरा वर्षांत मात्र दरवर्षी झाली, आणि हाच तिचा सर्वांत भराचा काळ. यजमान, गतविजेते, ऑलिंपिक व विश्वचषकाचे मानकरी आणि जागतिक क्रमवारीत वरचे असे मिळून सहा संघ बोलावले जात. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे. सुरुवातीला साखळीतल्या गुणांवरच विजेता ठरे, पुढे पहिल्या दोघांत अंतिम सामना होऊ लागला. विश्वचषकात एखादा दुबळा संघ वाट्याला येतो आणि गोलांची लयलूट करता येते. इथे ती सोय नव्हती. आठवडाभरात पाच साखळी सामने, आणि पाचही जगातल्या उत्तम संघांशी. २०११, २०१२ आणि २०१४ साली संघांची संख्या आठ करण्यात आली, पण शेवटच्या दोन स्पर्धांत पुन्हा सहाच संघ होते. सहांची ती घट्ट साखळीच या स्पर्धेचे खरे रूप होते.

नव्वदचे दशक ऑस्ट्रेलियाचे. १९९१ ते १९९९ मधल्या पाचही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. त्यांपैकी शेवटच्या चार रिक चार्ल्सवर्थ यांच्या प्रशिक्षणाखाली. चार्ल्सवर्थ स्वतः नामवंत खेळाडू, पेशाने डॉक्टर आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेचे माजी सदस्य. त्यांच्याच काळात या संघाने दोन विश्वचषक आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदकेही मिळवली. सलग पाच वेळा ही ट्रॉफी जिंकणे पुढे कोणालाच जमले नाही.

त्यानंतर अर्जेंटिना आले. २००१ साली आम्स्टेल्व्हेनला, नेदरलँड्सच्या घरच्या मैदानावर त्यांना हरवून त्यांनी पहिले विजेतेपद घेतले. २००८ ते २०१६ या काळातील सातपैकी सहा स्पर्धा त्यांच्याच. ‘लास लिओनास’, म्हणजे सिंहिणी, हे नाव सिडनी ऑलिंपिकपासून या संघाला चिकटलेले. ऑलिंपिक सुवर्ण त्यांना आजवर मिळालेले नाही. त्यामुळे हा संघ किती मोठा होता हे पाहायचे तर चॅम्पियन्स ट्रॉफीकडेच पाहावे लागते. लुसियाना आयमार ही या संघाचा प्राण. चेंडू काठीला जणू बांधलेला ठेवून बचावफळीतून वाट काढत जाणारी ही मध्यरक्षक आठ वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१२ ची स्पर्धा तिच्या गावी, रोसारिओला झाली आणि तिथल्या मैदानाला तिचेच नाव आहे. २०१४ च्या डिसेंबरात मेन्दोसाला अर्जेंटिनाने ऑस्ट्रेलियाला शूटआउटमध्ये हरवले, तो तिचा देशासाठीचा शेवटचा सामना.

शूटआउट ही गोष्ट या स्पर्धेच्या उत्तरार्धात फार महत्त्वाची ठरली. पूर्वी बरोबरी सुटली नाही की पेनल्टी स्ट्रोक घेत. २००२ साली मकाऊला चीनने अर्जेंटिनावर तशीच मात केली. दक्षिण कोरियाचे किम चांग-बॅक हे त्या चिनी संघाचे प्रशिक्षक, आणि त्याच बांधणीतून २००८ चे ऑलिंपिक रौप्य आले. २०११ पासून स्ट्रोकची जागा शूटआउटने घेतली. खेळाडू चेंडू घेऊन २३ मीटरच्या रेषेवर उभी राहते, गोलरक्षक गोलरेषेवर. शिट्टी वाजली की हातात आठ सेकंद. गोलरक्षक अंगावर धावून येते. तिला डावीकडे झुकवायचे, चेंडू उजवीकडे ओढायचा, कोन अरुंद होण्याआधी फटका मारायचा. स्ट्रोकमध्ये गोलरक्षक बहुधा अंदाजावर झेपावते. इथे तिला खरोखर खेळता येते. २०११ चा आम्स्टेल्व्हेनचा अंतिम सामना ३-३ असा सुटल्यावर नेदरलँड्सने अर्जेंटिनाला याच पद्धतीने हरवले. २०१८ चा शेवटचा अंतिम सामनाही ऑस्ट्रेलियाविरुद्ध शूटआउटवरच गेला.

भारतीय महिला या स्पर्धेत कधीच खेळल्या नाहीत. ही रुखरुख किती मोठी आहे हे कोरियाशी ताडून पाहिले की कळते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत पुण्यात वाढलेल्या एलिझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले, तेव्हा कोरिया दुसरा होता. १९८६ साली सोलला कोरियाने सुवर्ण घेतले आणि भारत तिसरा आला. १९८८ ला कोरियाला ऑलिंपिक रौप्य आणि १९८९ ला फ्रँकफुर्टमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी मिळाली. सात वर्षांत एक संघ जगाच्या माथ्यावर गेला, दुसऱ्याला निमंत्रणसुद्धा आले नाही. निमंत्रितांच्या स्पर्धेचा हा दोष मान्य करायलाच हवा: आत असलेले बलवान संघ एकमेकांशी खेळून आणखी तयार होतात, बाहेरचे बाहेरच राहतात.

बाहेरच्यांसाठी नंतर ‘चॅम्पियन्स चॅलेंज’ ही खालची पायरी आली, २००९ पासून तिच्याही खाली ‘चॅलेंज दोन’. या दोन्हींतल्या वरच्या पायरीवर २००२ साली जोहान्सबर्गला भारत तिसरा आला. २००९ साली रशियातील कझानला भारताने ‘चॅलेंज दोन’ जिंकली. बेल्जियमविरुद्धच्या अंतिम सामन्यात चार गोल करणारी राणी रामपाल तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. पण पुढची पायरी चढून ट्रॉफीपर्यंत पोहोचणे जमले नाही. भारताने पुरुषांची चॅम्पियन्स ट्रॉफी चेन्नईत दोनदा आणि भुवनेश्वरला एकदा भरवली. महिलांची मात्र एकदाही नाही, आणि यजमानाला जागा मिळत असे हे लक्षात घेता ही संधी आपण आपल्या हातानेच सोडली.

२०१८ नंतर ही स्पर्धा बंद करून २०१९ पासून महासंघाने प्रो लीग सुरू केली. एका गावी आठवडाभर मुक्काम करण्याऐवजी संघ आता महिनोन्‌महिने देशोदेशी फिरून खेळतात. माघार घेतलेल्या संघांच्या जागी २०२१-२२ च्या हंगामात भारतीय महिलांना बोलावणे आले आणि पहिल्याच फेऱ्यात त्या तिसऱ्या आल्या. त्याच हंगामात रॉटरडॅमला अर्जेंटिनाविरुद्धचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, आणि गोलरक्षक-कर्णधार सविता पुनियाच्या संघाने तो शूटआउटमध्ये २-१ असा जिंकला.