धुण्याआधी वाचलेलं घड्याळ

माझे वडील भिवंडीतल्या यंत्रमाग कारखान्यात कामाला होते. सकाळी पडघ्याहून एसटीनं निघायचे आणि बारा तासांची पाळी करून परतायचे. मनगटावर ‘एचएमटी जनता’. त्यांच्या मागे ते घड्याळ कपाटात बंद पडून होतं. गेल्या पावसाळ्यात ते खोलायचं मी ठरवलं.

मी घड्याळजी नाही. आमच्या भागातले जुने कागद आणि वस्तू यांची टिपणं काढण्याचा मला वीसेक वर्षांचा नाद आहे. मशीन खोलायला शिकलो तो भंगारातल्या बंद घड्याळांवर. शिकताना एक मोठी चूक केली. ती आधी सांगतो, कारण या लेखाचा मुद्दा तिथूनच निघाला.

आमच्या चुलत आजोबांचं एक स्विस घड्याळ घरात होतं. मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार जुना आहे. फावर-ल्युबा कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. पुढे वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव तर घरोघरी पोचलं. स्वित्झर्लंडमध्ये घडलेली आणि मुंबईत विकली गेलेली ही घड्याळं रेल्वेतल्या, बंदरातल्या, गिरण्यांतल्या माणसांबरोबर आमच्या बाजूच्या गावांत आली. आजोबांच्या घड्याळाचं मागचं झाकण मी उघडलं, तर आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसले. मला वाटलं, मळ आहे. पॉलिश लावून ते झाकण मी आरशासारखं केलं आणि मोठ्या अभिमानानं भिवंडीतल्या एका वृद्ध घड्याळजींना दाखवायला नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “अहो, याच्या सगळ्या पावत्या पुसल्यात तुम्ही.”

घड्याळ सर्व्हिसिंगला आलं की घड्याळजी झाकणाच्या आत सुईनं महिना, साल आणि स्वतःची एखादी खूण कोरतो. कारण अगदी व्यवहारी. गिऱ्हाईक परत येऊन म्हणतं, तुम्हीच तर आत्ता केलं होतं. तेव्हा झाकण उघडलं की कुणाचं खरं ते कळतं. टेबलाएवढ्या जागेत धंदा करणाऱ्या या कारागिरांनी हिशेबाच्या वह्या कुठे जपून ठेवायच्या? त्यांचं दफ्तर म्हणजे गिऱ्हाइकांच्या मनगटांवर फिरणारी ही झाकणं. त्यातलं एक मी माझ्या हातानं कोरं केलं होतं.

एचएमटीचा इतिहास आपण सहसा कारखान्याच्या बाजूनं सांगतो. हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरूला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. पहिल्या घड्याळांचं प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग इथेही कारखाने निघाले. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. यातलं काही चूक नाही. पण चावीचं घड्याळ विकून संपत नाही. ‘जनता’चं बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. तेल सुकतं, धूळ बसते, धातू झिजतो. चार-पाच वर्षांनी मशीन सुटं करून धुवावंच लागतं. बंगळुरूनं घड्याळ बनवलं खरं, पण ते चालतं ठेवलं भिवंडी, कल्याण, शहापूरच्या घड्याळजींनी. या दुसऱ्या अर्ध्या इतिहासाचे कागद मला मशीनच्या आतच शोधायचे होते.

वडिलांच्या घड्याळाचं झाकण उघडलं. आत तीन खुणा होत्या : ६/७४, ३/७९ आणि १०/८५. पहिल्या दोन एकाच हाताच्या, शेजारी ‘म’ हे अक्षर. तिसरी तिरप्या, घाईच्या हाताची. ७४ ते ७९ पाच वर्षं, ७९ ते ८५ साडेसहा. वडील सर्व्हिसिंगचा खर्च पुढे ढकलत होते, हे त्या दोन अंतरांवरूनच दिसतं.

मशीन खोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मेनस्प्रिंगमधला ताण उतरवायचा. चावी बोटांत धरून अडसर हलकेच बाजूला करायचा आणि स्प्रिंग सावकाश मोकळी होऊ द्यायची. हे विसरून कुणी आतला पॅलेट काढला, तर सगळी चक्रं एकदम सुसाट सुटतात आणि दात किंवा टोकं मोडतात. मग चावीचा दांडा, काटे, तबकडी. नंतर पुलासकट बॅलन्स व्हील, मग पॅलेट आणि शेवटी चक्रांची रांग.

बॅलन्सचा पूल उचलला आणि थांबलो. बाकीच्या पुलांपेक्षा त्याची झळाळी वेगळी होती. तो दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळातून आलेला होता. एकाच कुळातली मशीनं एचएमटीच्या कितीतरी मॉडेलांत असत, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्यात बसायचा. अशा जुळवाजुळवीच्या घड्याळांना आज देशोदेशीचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात. नवी रंगवलेली तबकडी लावून जुनं घड्याळ अस्सल म्हणून विकणारे आहेत, तेव्हा त्यांचा राग अगदीच खोटा नाही. पण वडिलांच्या घड्याळातला तो पूल कुणाला फसवायला बसवलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाळीला जाणाऱ्या माणसाला वेळ कळावी म्हणून बसवला होता. संग्राहकाला तो दोष वाटेल, मला तो दस्तऐवज वाटतो.

दुसरा पुरावा क्राउन व्हीलच्या स्क्रूवर होता. चावीच्या बऱ्याच घड्याळांत हा स्क्रू उलट्या आट्याचा असतो. या स्क्रूची खाच एका कडेला फाटली होती. कुणीतरी तो नेहमीच्या दिशेनं सोडवायला जोर लावला होता. हात शिकाऊ असावा. ती खाच पाहून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले.

तिसरा पुरावा सगळ्यात हलका. चावीचा दांडा आत शिरतो त्या भोकाजवळ, सुकलेल्या तेलात काहीतरी चिकटलं होतं. भिंगाखाली पाहिलं तर कापसाचं तूस. मागांच्या खात्यात हवेत तरंगतं, केसांवर आणि भुवयांवर बसतं, तेच.

हे तूस केव्हाचं? १०/८५ ला मशीन धुतलं गेलं होतं, म्हणजे ते त्यानंतरचंच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांचं काम मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या मागांवर आलं. त्या भरभराटीच्या वर्षांत वडिलांची पाळी कधी वेळेवर सुटली नाही. ती वर्षं घड्याळात बसून राहिली होती.

८५ नंतर खूण का नाही, याचं उत्तर मात्र कुठे शोधावं लागलं नाही. ते माझ्याकडेच होतं. सेकंदाला ८,१९२ कंपनं करणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक घेऊन सेकोचं घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये बाजारात आलं. आपल्याकडे टायटनची घड्याळं १९८७ पासून मिळू लागली. सेल बदलला की काम झालं. माझ्या पहिल्या पगारातून मीच वडिलांना सेलचं घड्याळ आणून दिलं. ते खूश झाले आणि ‘जनता’ कपाटात गेलं. घड्याळजींची टेबलं का उठली याची कारणं मी अनेकांना सांगत असतो, त्यात हेही एक आहे.

आता खरी अडचण होती. घड्याळ चालू करायचं तर धुवायला हवं आणि धुतलं की तूस, तेल, मळ सगळं जाणार. सर्व्हिसिंग म्हणजे एका अर्थी पुरावा नष्ट करणं. तसंच ठेवलं तर पुरावा राहील, पण घड्याळ मेलेलं राहील. दोन दिवस सुटे भाग ताटलीखाली झाकून ठेवले. मग झाकणाचे, पुलाचे, स्क्रूचे फोटो काढले, मापं घेतली, तूस चिमट्यानं उचलून कागदाच्या पुडीत ठेवलं आणि पुडीवर तारीख लिहिली. त्यानंतरच भाग पेट्रोलमध्ये धुतले. तो वेगळ्या झळाळीचा पूल तसाच परत बसवला. पॉलिश कशालाच लावलं नाही.

तेल देऊन जोडणी केली, चावीला पाच-सहा पिळे दिले. बॅलन्स हललं आणि टिकटिक सुरू झाली.

आपल्या घरातलं जुनं घड्याळ सर्व्हिसिंगला द्याल, तेव्हा आधी झाकणाच्या आतला फोटो काढून घ्या आणि कारागिराला सांगा, आतून पॉलिश नको. तालुक्याच्या गावातल्या घड्याळजींचं दफ्तर उरलं असेल तर ते आपल्या कपाटांतच.

झाकण लावण्याआधी मी बराच वेळ सुई हातात धरून होतो. मी घड्याळजी नाही, मग खूण करावी का? पण पुढे कुणी हे खोलेल, तेव्हा आतलं तेल कधीचं हे त्याला कळायला हवं. तिसऱ्या खुणेच्या खाली महिना आणि साल कोरलं. अक्षर थोडं वाकडं आलं.