खिळ्यांशिवाय बांधलेलं ६०० वर्षांचं घर दुसरीकडे कसं हलवलं?

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात 'बेलीफ' नावाचं एक शेतघर होतं, १५व्या शतकाच्या सुरुवातीचं. १९६०च्या दशकात तिथे जलाशय बांधायचं ठरलं आणि घर जाणार हे नक्की झालं. आज तेच घर ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात उभं आहे. ही नक्कल नाही. गरजेपुरती दुरुस्ती केलेला मूळ सांगाडा आहे. हे जमलं कसं? उत्तर त्याच्या रचनेत आहे.

भिंती भार घेत नाहीत

अशा घराचा सगळा भार ओकच्या खांबांवर आणि तुळयांवर असतो. मधल्या चौकटीत काठ्या विणून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा देत. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखंच! म्हणून भिंत काढली तरी घर पडत नाही. दोन चौकटींमधल्या जागेला आपण 'खण' म्हणतो. तिथेही घर असंच खणांत मोजतात.

जोड कसे बसतात?

एका लाकडाच्या टोकाला जीभ आणि दुसऱ्यात खाच कोरायची. मग दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. गंमत म्हणजे ही भोकं मुद्दाम किंचित पुढेमागे ठेवत. त्यामुळे खुंटी आत जाताना जोड आवळला जातो. लाकूड ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक कोरणं फार कठीण.

सुतारांचे 'पार्ट नंबर'

सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघत, मग सुटा करून जागेवर उभा करत. कुठला तुकडा कुठे, हे कळावं म्हणून जोडांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत. अशा अनेक घरांत त्या आजही दिसतात. जे घर तुकड्यांतून जोडलंय, ते तुकड्यांत सोडवताही येतं. बेलीफ वाचलं ते यामुळेच.

वय कसं काढतात?

लाकडात पेन्सिलीएवढं बारीक भोक पाडून नमुना काढतात. ओकचं झाड साधारण वर्षाला एक वलय वाढवतं; चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. हा क्रम माहीत असलेल्या क्रमाशी जुळवला, की वलयांची वर्षं कळतात. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही समजतं. लाकूड ओलंच वापरत असल्यामुळे घर त्यानंतर लवकरच बांधलं, असं धरता येतं.

बेलीफचं एक टोक १६व्या शतकाच्या सुरुवातीला जोडलेलं आहे. मधला दिवाणखाना मात्र छतापर्यंत उघडा: मध्ये चूल, धुराडं नाही, खिडक्यांना काच नाही. धूर छपरातूनच बाहेर जायचा.

जुन्या घरांचा शत्रू

अशा भिंतींवर नंतर सिमेंटचा गिलावा दिला, तर ओल आत अडकते आणि ओक कुजतो. म्हणून दुरुस्तीला चुना किंवा माती वापरतात.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या गावात जुना लाकडी वाडा उतरवणार असतील, तर आधी मोबाइल काढा. प्रत्येक खांब, तुळई आणि जोडाचा क्रमाने फोटो घ्या, तुकड्यांना खडूने नंबर द्या. एकदा लाकडं ढिगात गेली, की कुठली कुठे होती हे कुणालाच सांगता येत नाही.