कोकण किनाऱ्यावरील बिगरहंगामी पर्यटन

कोकण किनाऱ्यावरील बिगरहंगामी पर्यटन म्हणजे नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात, साधारणपणे जून ते सप्टेंबर या महिन्यांत, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या तसेच गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर होणारे पर्यटन होय. या काळात निवास स्वस्त मिळतो व गर्दी कमी असते. मात्र समुद्र खवळलेला असल्याने जलक्रीडा, किल्ल्यांवरील नौकाफेऱ्या व समुद्रस्नान बहुतांशी बंद असते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातून कोकणात जाणाऱ्या पर्यटकांची संख्या मोठी आहे.

हंगाम

कोकणाचा पर्यटन हंगाम ऑक्टोबर ते मे असा मानला जातो. दिवाळी, नाताळ व मे महिन्याची शालेय सुट्टी हे त्यातील सर्वाधिक गर्दीचे काळ आहेत. मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात किनाऱ्यावर स्थिरावतो व ऑक्टोबरच्या सुरुवातीस माघारी फिरतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. परंपरेने कोळी समाज श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मासेमारीस पुन्हा आरंभ करतो.

बिगरहंगामातही सर्व दिवस सारखे नसतात. भाद्रपदातील गणेशोत्सवासाठी मुंबई-पुण्याकडील चाकरमानी मोठ्या संख्येने गावी जातात. त्या दिवसांत रेल्वेचे आरक्षण मिळणे कठीण होते व महामार्गावर वाहतूक कोंडी होते. त्यामुळे गर्दी टाळू इच्छिणारे पर्यटक सहलीची तारीख ठरवताना गणेश चतुर्थीच्या आसपासचा आठवडा वगळतात.

समुद्राची स्थिती

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वाहणाऱ्या जोरदार नैऋत्य वाऱ्यांमुळे किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात ३ ते ५ मीटर उंचीच्या लाटा निर्माण होतात. किनाऱ्याशी येईपर्यंत त्या फुटतात. परंतु फुटलेल्या लाटांचे पाणी अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. या परतीच्या प्रवाहास रिप करंट म्हणतात. तो वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यात असल्याने नवख्या माणसास तीच जागा सुरक्षित वाटते. पावसाळ्यात वाळूचे दांडे सरकत असल्यामुळे मागील वर्षी उथळ असलेली जागा पुढील वर्षी खोल असू शकते.

भरतीची वेळ काढण्यासाठी कोकणात तिथीची पाऊणपट करण्याची रीत आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीस सुमारे ३ वाजता व अष्टमीस सुमारे ६ वाजता पूर्ण भरती येते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. ही रीत ढोबळ असून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहिले जाते. लाटांची उंची व उधाणाचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, तर पावसाचे इशारे भारतीय हवामान विभाग प्रसिद्ध करतो.

सर्फिंग

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून फुटत्या लाटेवरून घसरत येण्याचा क्रीडाप्रकार. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. भारतीय पश्चिम किनाऱ्यावर कर्नाटकातील मुल्की हे या खेळाचे जुने केंद्र आहे. गोव्यात मांद्रे व आश्वे येथे प्रशिक्षण मिळते.

या खेळाच्या दृष्टीने ‘बिगरहंगाम’ या शब्दाचा अर्थ बदलतो. निवासाचे दर कमी असतात त्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावरील लाटा मोठ्या, परंतु अस्ताव्यस्त असतात आणि नवशिक्यांस त्या धोकादायक ठरतात. शिकण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर तसेच मार्च ते मे हा काळ सोयीचा असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्री वारे वाढून पाणी खळबळते, म्हणून सकाळची वेळ निवडली जाते. गर्दी व दर या दोन्हींचा विचार करता दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे व नाताळपूर्वीचे आठवडे आणि शाळांच्या परीक्षांमुळे पर्यटक कमी असणारा मार्च महिना हे मध्यम पर्याय ठरतात.

ऐन पावसाळ्यातच सर्फिंग करावयाचे असल्यास तमिळनाडूचा किनारा हा पर्याय असतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आडोशास असल्याने तेथील समुद्र या महिन्यांत तुलनेने नियमित असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धा महाबलीपुरम येथे झाली.

औद्योगिक पट्ट्यातून प्रवास

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते. अशा कामगारांना शनिवार-रविवारची गर्दी टाळता येते. मात्र तिसऱ्या पाळीनंतर झोप न घेता रात्री वा पहाटे घाट उतरणे धोक्याचे असते.

रायगड जिल्ह्यातील दिवेआगर, श्रीवर्धन व हरिहरेश्वर येथे जाण्यासाठी मुळशी तालुक्यातून ताम्हिणी घाटाने माणगावास उतरतात. हा घाट राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक असून पावसाळ्यात तेथे दरडी कोसळतात. भोर-महाड मार्गावरील वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासनाच्या आदेशाने अनेकदा बंद ठेवला जातो. चिपळूणकडे कुंभार्ली, रत्नागिरीकडे आंबा, तर सावंतवाडीकडे आंबोली घाटाने जाता येते. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागू करते. गाड्यांचा वेग कमी केल्याने प्रवासाचा कालावधी वाढतो. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पुराखाली गेले. या घटनांमुळे पावसाळी सहलीत परतीसाठी एक जादा दिवस राखून ठेवणे इष्ट मानले जाते.

निवास व बंद सेवा

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर व हरिहरेश्वर येथे पर्यटक निवासे आहेत. याशिवाय घरगुती ‘न्याहारी व निवास’ व्यवस्था सर्वत्र आढळते. पावसाळ्यात काही घरे व खानावळी बंद असतात आणि वादळी पावसात वीजपुरवठा खंडित होतो; त्यामुळे आगाऊ चौकशी आवश्यक ठरते. मासेमारीबंदीमुळे ताजी समुद्री मासळी कमी मिळते व सुकी मासळी किंवा खाडीची मासळी वापरली जाते.

मे महिन्याच्या अखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा व प्रवासी नौका बंद ठेवल्या जातात. त्यामुळे जंजिरा व सिंधुदुर्ग या जलदुर्गांवर जाता येत नाही. खाड्यांतील फेरीबोटी हवामानानुसार चालतात.

अपघात व सुरक्षितता

किनाऱ्यावरील अपघात केवळ पावसाळ्यात होत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्यातील महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या ८ जणांचा मृत्यू झाला. या दोन्ही घटना समुद्र तुलनेने शांत असताना घडल्या. पावसाळ्यात धोका घाटमाथ्यावरही असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तर १५ जून २०२५ रोजी तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला.

रिप करंटमध्ये सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न केल्याने दमछाक होते. अशा वेळी तरंगत राहून, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडणे व नंतर किनाऱ्याकडे वळणे ही मान्य पद्धत आहे. बुडणाऱ्यास वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेण्याऐवजी दोर, रिकामा कॅन किंवा तरंगणारी वस्तू फेकणे सुरक्षित असते. लाल बावटा लावलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये, असा संकेत आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर समुद्रातील बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक उपलब्ध आहे.

स्थानिक अर्थव्यवस्था

बंद काळात नौकाचालक, जलक्रीडा व्यावसायिक व मच्छीमार यांचे उत्पन्न घटते. अनेक कुटुंबे या काळात भातशेती करतात. भातलावणी, धबधबे, कातळशिल्पे व मंदिरे यांवर आधारित सहलींमुळे समुद्रात न उतरताही पर्यटन शक्य होते आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांना काही उत्पन्न मिळते.