ट्रान्स संगीतासाठी सॉफ्टवेअर सिंथेसायझर : निवड कशी करावी?

जगातील एका संगीतप्रकाराला गोव्याचे नाव आहे. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळ्यांतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘गोवा ट्रान्स’ आकाराला येऊ लागला आणि १९९०च्या दशकात युरोप व इस्रायलमधील निर्मात्यांनी तो जगभर नेला. किनारा गोव्याचा, पण संगीत घडवणारे बहुतांशी परदेशी, असे चित्र त्या काळी होते. परदेशी बनावटीची महागडी यंत्रे येथील तरुणांच्या आवाक्याबाहेर असणे, हे त्यामागील एक कारण होय. आज तोच नाद साध्या लॅपटॉपवर, प्रसंगी एक रुपयाही न खर्चता निर्माण करता येतो. अडचण आता निराळी आहे. उपलब्ध असलेल्या शेकडो सॉफ्टवेअर सिंथेसायझरमधून नेमका कोणता घ्यावा, हा नवशिक्यापुढचा प्रश्न आहे.

यंत्रापासून सॉफ्टवेअरपर्यंत

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ हे छोटेखानी यंत्र बाजारात आणले. एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. तो साधला नाही आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. मात्र त्याच्या फिल्टरची कळ फिरवताना निघणारा पिळदार, चिरका नाद पुढे ‘ॲसिड’ या नावाने प्रसिद्धी पावला. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच या यंत्राला ज्युपिटर-८ आणि टीआर-८०८ यांची जोड देऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली होती. २०१० मध्ये ती पुनःप्रकाशित झाल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. टीबी-३०३ बरोबरच एसएच-१०१ आणि ज्युनो-१०६ ही रोलँडची यंत्रेही गोवा ट्रान्सच्या निर्मात्यांची आवडती ठरली.

जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही प्रणाली आणली आणि १९९९ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून संगणकातील वाद्येही त्यातून वाजवता येऊ लागली. आजचे बहुतेक सॉफ्टवेअर सिंथेसायझर याच प्रणालीवर चालतात.

नाद कसा घडतो?

ट्रान्ससाठी वापरले जाणारे बहुसंख्य सिंथेसायझर तीन टप्प्यांत काम करतात. ऑसिलेटर मूळ ध्वनिलहर निर्माण करतो. करवतीच्या दात्यांच्या आकाराची लहर ही ट्रान्समधील सर्वाधिक वापरातली. फिल्टर त्या लहरीतील नको असलेली कंपने छाटतो. एन्व्हलप हा भाग नाद किती वेगाने उमटावा आणि किती वेळात विरावा, हे ठरवतो. हे तीन टप्पे ज्याला समजले, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर परके वाटत नाही. म्हणून पहिली निवड नाव वा लोकप्रियता पाहून न करता, हे तिन्ही भाग पडद्यावर स्पष्ट दिसतात की नाही, हे पाहून करावी.

पहिली कसोटी : बेस

गोवा ट्रान्स आणि त्यातून विकसित झालेल्या सायट्रान्सची लय साधारणतः मिनिटाला १४० ते १५० ठोक्यांची असते. १४५ ठोके धरल्यास एका ठोक्याला सुमारे ०.४१ सेकंद मिळतो. सायट्रान्समध्ये त्याचे चार भाग होतात. पहिल्या भागात ढोलाचा आघात आणि उरलेल्या तीन भागांत बेसचे तीन स्वर, अशी प्रचलित रचना असते. म्हणजे प्रत्येक स्वराला जेमतेम ०.१० सेकंद मिळतो. एवढ्या अवधीत स्वर उमटून विरला पाहिजे, अन्यथा खालचा सारा भाग गढूळ होतो. त्यासाठी एन्व्हलप चपळ हवा आणि प्रत्येक स्वर लहरीच्या त्याच बिंदूपासून सुरू करण्याची सोय हवी. ही सोय नसेल तर एक स्वर ठळक आणि दुसरा पोकळ ऐकू येतो. सायलेन्थ-वन, सिरम आणि व्हायटल या तिन्हींत ती आहे. व्हायटल व सिरममध्ये त्यासाठी लहरीचा आरंभबिंदू यादृच्छिक ठेवणारी कळ शून्यावर आणावी लागते.

सुरावट, ॲसिड आणि पार्श्वनाद

युरोपीय धाटणीच्या ट्रान्समधील विस्तीर्ण सुरावटीमागे ‘सुपरसॉ’ हा नाद असतो. रोलँडच्या १९९६ मधील जेपी-८००० या यंत्राने तो रूढ केला. किंचित बेसूर केलेल्या सात करवती लहरी एकत्र वाजवून तो मिळतो. त्यासाठी एका ऑसिलेटरमागे अनेक आवाज देणारा सिंथेसायझर हवा. सायलेन्थ-वनमध्ये चार ऑसिलेटर असून प्रत्येकाला आठपर्यंत आवाज देता येतात. स्पायरही या कामी नावाजलेला आहे. वेव्हटेबल पद्धतीचे सिरम आणि व्हायटल सतत रूप पालटणाऱ्या आधुनिक नादांसाठी अधिक सोयीचे ठरतात.

ॲसिड सुरावटीसाठी टीबी-३०३ची प्रतिकृती असलेले सॉफ्टवेअर घ्यावे, किंवा एका वेळी एकच स्वर वाजवणारी आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी सोय असलेला कोणताही सिंथेसायझर वापरावा. ही घसरण मींडेच्या जवळची आहे. मागे रेंगाळणाऱ्या पार्श्वनादासाठी जुन्या यंत्रांचा गुण हुबेहूब उतरवणारे डिव्हा उत्तम. परंतु ते संगणकावर मोठा भार टाकते. जुन्या लॅपटॉपवर त्याचा हट्ट धरू नये.

नेक्सससारखी तयार नादांचा साठा देणारी वाद्ये त्वरित फळ देतात. मात्र नाद मुळापासून घडवण्याची मुभा त्यांत मर्यादित असते आणि तेच नाद इतर शेकडो रचनांतही ऐकू येतात. शिकण्याच्या काळात ती दूर ठेवलेली बरी.

खर्चाचे गणित

सिरमची किंमत अनेक वर्षे १८९ डॉलर होती. विद्यार्थ्याला ती परवडणारी नाही. यावर चोरीच्या प्रतींचा मार्ग अनेक जण धरतात. अशा प्रतींतून संगणकात घातक प्रणाली शिरण्याचा धोका असतोच, शिवाय रचना विकण्याची वेळ आल्यावर कायदेशीर पेचही उभा राहू शकतो. त्याची गरजही उरलेली नाही. २०२० मध्ये आलेल्या व्हायटलची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे. २०१८ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या सर्जची आजची आवृत्ती, सर्ज एक्सटी, पूर्णतः मोफत आहे. टीएएल नॉइजमेकर हा साधा, हलका आणि मोफत सिंथेसायझर शिकण्यासाठी विशेष उपयुक्त आहे. एक व्हायटल आणि एक सर्ज एवढ्यावर बेस, सुरावट आणि पार्श्वनाद ही तिन्ही कामे भागतात.

सर्ज एक्सटीचा आणखी एक गुण गोमंतकीयांनी ध्यानात घ्यावा. त्यात स्वरांतरे हवी तशी बदलता येतात. गोवा ट्रान्समधील कित्येक सुरावटी ज्या स्वरावलीवर बेतलेल्या असतात, तिचे स्वर बसंत मुखारी रागाचे आहेत : कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. परदेशी निर्मात्याला हा पौर्वात्य रंग बाहेरून उसना घ्यावा लागला. कला अकादमीत वा गुरूकडे हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या येथील विद्यार्थ्याला तो तालमीतच मिळालेला असतो.

पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येक सशुल्क सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवून घ्यावी. तयार नाद बाजूला सारून कोऱ्या पानापासून एक बेस, एक सुरावट आणि एक पार्श्वनाद घडवून पाहावा. तिन्ही एकत्र वाजवताना संगणक अडखळत नसेल आणि कोणती कळ काय करते हे न शोधता समजत असेल, तर तो सिंथेसायझर योग्य. तो किमान सहा महिने बदलू नये.